बऱ्या दिवसाचं पथ्य

आमच्या फ्रीजच्या दारावर काही वर्षांपूर्वी एक कागद चिकटवलेला असायचा. वर ठळक अक्षरांत 'बंद', आणि खाली एकाखाली एक नावं. गहू. दूध. साखर. टोमॅटो, वांगी, बटाटे. कॉफी. आंबवलेलं. तळलेलं. यादी वाढत वाढत सतरा नावांवर पोचली होती. प्रत्येक नावामागे कुणाचा ना कुणाचा सल्ला होता आणि प्रत्येक नाव लिहिताना मला मनापासून वाटायचं, हाच तो. हा बंद झाला की उद्या सकाळी अंग मोकळं होईल.

सकाळी अंग तसंच असायचं. आखडलेलं, जड, रात्रभर कुणीतरी तुडवून काढल्यासारखं.

चार महिन्यांत माझं सहा किलो वजन गेलं. केस गळायला लागले. जिना चढताना पाय लटपटायचे. जेवायला सगळे एकत्र बसलो तरी माझं ताट वेगळं. मुलगी एकदा त्या ताटाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आई, तुला भूक लागत नाही का गं?" लागायची ना. पण भुकेपेक्षा दुखण्याची भीती मोठी होती, आणि दुखणं हटत नाही म्हटल्यावर मी कागदावर आणखी एक नाव लिहायचे.

माझा आजार फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर सतत दुखत राहणं. हे दुखणं सांगायला फार अवघड. गुडघा दुखतो, कंबर धरली, हे सांगता येतं, बोट ठेवून दाखवता येतं. इथे बोट कुठे ठेवणार? आज खांदे, उद्या मांड्या, परवा जबडा. पर्सचा पट्टा खांद्यात रुतायचा. झोपेत चादरीची एखादी घडी कुशीखाली आली तर तेवढीही सलायची. बरणीचं झाकण फिरवताना मनगटातून निघालेली कळ कोपरापर्यंत जायची, मग ती बरणी तशीच ठेवून मी कुणीतरी घरी येण्याची वाट बघायचे. सोबतीला थकवा, आणि डोक्यातलं ते धुकं. ओळखीच्या माणसाचं नाव जिभेवर येऊन अडायचं. वाक्य सुरू केलं की अर्ध्यात हरवायचं.

एकदा मुलीने मागून येऊन मिठी मारली आणि मी कळवळून ओरडले. तिने चटका बसल्यासारखे हात मागे घेतले. त्यानंतर कितीतरी महिने ती मिठी मारायच्या आधी विचारायची, "चालेल?" या आजाराने माझं बरंच काही नेलं, पण त्या एका शब्दाइतकं मला काहीच लागलेलं नाही.

निदान व्हायला अडीच वर्षं गेली. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, ईएसआर (अंगात दाह आहे का हे बघायची रक्तचाचणी), संधिवाताच्या चाचण्या, एक्स-रे. ड जीवनसत्त्व कमी निघालं, ते भरून काढलं. बाकी सगळं ठीक. रिपोर्ट ठीक म्हणजे बाई ठीक, असंच लोक धरून चालतात. एका दवाखान्यात तर मी समोर बसलेली असताना डॉक्टर माझ्या नवऱ्याला म्हणाले, "यांना जरा कशात तरी गुंतवा." त्या रात्री मी खूप रडले. माझा त्रास कुणाला खराच वाटत नाही, याचं ते रडणं होतं.

शेवटी एका संधिवाततज्ज्ञ बाईंनी पाऊण तास शांतपणे ऐकून घेतलं आणि आजाराला नाव दिलं. या नावाचा इतिहासही असाच चाचपडत गेलेला आहे. १९०४ मध्ये विल्यम गोवर्स या ब्रिटिश मज्जाविकारतज्ज्ञांनी 'फायब्रोसायटिस' हा शब्द वापरला, म्हणजे तंतुमय ऊतींचा दाह. पण दाह काही सापडेना. १९७६ मध्ये नाव बदलून 'फायब्रोमायल्जिया' झालं, ज्यात दाहाचा उल्लेख नाही, फक्त दुखण्याचा आहे. १९९०च्या निकषांत अंगावरचे १८ बिंदू ठरवलेले होते. त्यांवर सुमारे चार किलोचा दाब द्यायचा, म्हणजे दाबणाऱ्याचं नख पांढरं पडेल इतका, आणि अंगभर दुखण्यासोबत यातल्या किमान ११ ठिकाणी दुखलं तर निदान पक्कं. २०१०पासून बिंदू मोजण्याची सक्ती उरली नाही. आता शरीराच्या १९ भागांपैकी कुठे कुठे दुखतं, झोपेतून उठल्यावर ताजं वाटतं का, थकवा किती, विसरायला होतं का, आणि हे सगळं तीन महिने टिकून आहे का, हे विचारतात. म्हणजे पेशंटचं ऐकून घेणं हीच तपासणी झाली. मला या बदलाचं फार अप्रूप वाटतं.

त्या बाईंनी मला दारावरच्या घंटेचं उदाहरण दिलं. माणूस दाराशी आला की घंटा वाजावी. पण घंटेची तार इतकी हळवी झाली, की वाऱ्याने पान पडलं तरी ती घणघणते. घंटा खरीच वाजते, तुम्हाला ऐकू येतं ते खरंच असतं. फक्त दाराशी कुणी नसतं. स्नायू फाटलेला नाही, सांधा झिजलेला नाही, वेदनेचे निरोप वाहणारी व्यवस्थाच जास्त संवेदनशील झाली आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांच्या अंगठ्याच्या नखावर दाब देऊन त्याच वेळी मेंदूची छायाचित्रं घेतली होती. निरोगी माणसांना जो दाब जेमतेम जाणवत होता, तेवढ्याच दाबाला फायब्रोमायल्जिया असलेल्यांच्या मेंदूतली वेदनेशी संबंधित केंद्रं पेटून उठत होती. बाईंनी हे सांगितलं तेव्हा मी एकच प्रश्न विचारला, "म्हणजे मला खरंच दुखतं?" त्या म्हणाल्या, "खरंच दुखतं."

मग मी पिशवीतून तो कागद काढला. मी फ्रीजवरून उतरवून नेला होता, माझी मेहनत दाखवायला. त्यांनी तो नीट वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाल्या, "खाण्यामुळे ही घंटा बिघडलेली नाही. पण उपाशी शरीर, अपुरी झोप, अशक्तपणा, यांनी ती तार आणखी ताणली जाते. तुम्ही दुखणं सोडून बाकी सगळं बंद केलंय."

पदार्थ परत सुरू करायचे ठरले. एका वेळी एक, मध्ये पुरेसे दिवस ठेवून, आणि रोज वहीत नोंद. जेवण, झोप, चालणं, काम, आणि दुखणं शून्य ते दहात किती. एक गोष्ट त्यांनी आधी करायला लावली आणि ती प्रत्येकाला सांगावीशी वाटते. गहू कायमचा सोडण्याआधी सिलिअ‍ॅक आजाराची (यात गहू खाल्ल्याने आतड्याला इजा होते) रक्तचाचणी करून घ्यायची, आणि ती गहू खाण्यात असतानाच करायची. गहू आधीच सोडलेला असेल तर आजार असूनही चाचणी खोटी स्वच्छ येऊ शकते. म्हणून मला आधी काही आठवडे गहू पुन्हा खावा लागला. माझी चाचणी स्वच्छ आली.

सतरापैकी चौदा नावांनी काहीच फरक पडत नव्हता. टोमॅटो परत आला त्या दिवशी मी ताटासमोर बसून नुसता त्याचा वास घेतला. दूधही परत आलं. जे खरोखर बाधत होतं ते वेगळंच निघालं. कच्चा कांदा आणि लसूण जास्त झाला की पोट फुगायचं, रात्र बेचैन जायची आणि दुसऱ्या दिवशी अंग धरायचं. या आजाराच्या बऱ्याच जणांना आतड्याचाही त्रास असतो, ज्याला आयबीएस म्हणतात. त्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात तयार झालेली 'लो फॉडमॅप' ही आहारपद्धत उपयोगी पडते; आतड्यात आंबून पोट फुगवणारे पदार्थ तिच्यात काही काळ टाळतात. पण तिच्यातला कडक वर्ज्याचा टप्पा जेमतेम काही आठवड्यांचा असतो, तोही आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, आणि मग एकेक पदार्थ परत आणायचा असतो. आपण लोक पहिला टप्पा ऐकतो आणि तिथेच मुक्काम करतो.

कॉफी राहिली, फक्त सकाळची. कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायला सुमारे पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी घेतलेला कप मध्यरात्री आपल्यासोबत जागा असतो. दुपारी उशिरा थकवा आला की गोड खायची सवय होती, त्याने तासभर तरतरी यायची आणि मग दुप्पट गळून जायला व्हायचं. त्या जागी मूठभर दाणे किंवा एखादं फळ आलं. सकाळचं खाणं चुकवायचं नाही, प्रत्येक जेवणात काहीतरी प्रथिनं हवीत, भाज्या भरपूर, पाणी वेळच्या वेळी. ऐकायला अगदी साधं आहे हे. फायब्रोमायल्जिया बरा करणारा असा एकच ठरलेला आहार कुणालाही सिद्ध करता आलेला नाही, आणि तसं छातीठोक सांगणाऱ्यांपासून मी आता लांब राहते. पण नीट आणि वेळेवर जेवलेल्या दिवशी माझ्या शरीरात सोसायची ताकद जास्त असते, हे माझी वही पानापानावर सांगते.

वहीची खरी गोष्ट मात्र पुढेच आहे.

दोन महिने मी ती वही जेवणाच्या रकान्यावर बोट ठेवून वाचत होते. वाईट दिवस आला की आदल्या दिवशी काय खाल्लं ते शोधायचं. गुन्हेगार खाण्यातच सापडणार याची मला खात्री होती. एका संध्याकाळी नवरा सहज वही चाळत बसला होता. बराच वेळ पानं मागे-पुढे करून तो म्हणाला, "अगं, हे बघ. तू पडतेस ना, त्याच्या आदल्या दिवशी दर वेळी एक चांगला दिवस आहे."

मी वही हातात घेतली. मंगळवार, दुखणं तीन, 'आज छान वाटतंय'. कामाच्या रकान्यात: कपाटं आवरली, बाजार, दोन पाहुणे, इस्त्री, रात्री उशिरापर्यंत ऑफिसचं काम. बुधवार, दुखणं आठ. गुरुवार, आठ. शुक्रवारची ओळ कोरीच, लिहायलाही उठले नव्हते. मागची पानं उलटली. तेच. आणखी मागे. तेच.

मी वाईट दिवसांना घाबरत होते आणि चांगला दिवस मला बुडवत होता.

यामागचं मन मला आता समजतं. आठवडाभर पडून राहिलेल्या माणसाला बरं वाटतं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर आधी साठलेली कामं येतात. घरच्यांनी आपल्यासाठी केलेलं आठवतं आणि त्याची फेड आजच करून टाकावीशी वाटते. शिवाय एक खोलवरची भूक असते, आपण अजून पूर्वीसारख्या आहोत हे बघण्याची. त्या मंगळवारी मी कपाटं आवरली ती कपाटांसाठी नव्हतीच. मला वरच्या कप्प्यापर्यंत हात पोचवून बघायचा होता.

आपल्याकडे शब्द आहे, झेपणं. 'झेपेल तेवढंच कर' हे लहानपणापासून ऐकलेलं. मला वाटायचं, हा थकल्यावर द्यायचा सल्ला आहे. फायब्रोमायल्जियात तो ताजं वाटत असतानाच पाळावा लागतो, कारण थकवा जाणवतो तेव्हा मर्यादा मागेच ओलांडलेली असते. म्हणून दुखणं विचारून थांबायचं नाही, घड्याळ विचारून थांबायचं. मी वीस मिनिटांचा गजर लावते. वाजला की हातातलं काम जिथे असेल तिथे ठेवायचं, दहा मिनिटं बसायचं, मग पुन्हा हवं तर वीस. पहिले काही आठवडे हे इतकं जड गेलं की सतराच्या सतरा पदार्थ सोडणं परवडलं असतं. अंग काहीही कुरकुर करत नाही, भांडी अर्धी घासून झाली आहेत आणि आपण हात पुसून खुर्चीत बसलोय. बघणाऱ्याला तो आळसच वाटतो. घरी आलेल्या एका नातेवाईक बाईंनी तसं बोलूनही दाखवलं. मी उठले नाही. त्या दिवसाच्या पानावर मी दुखण्याच्या आकड्याआधी 'उठले नाही' असं लिहिलं.

चालण्यालाही हाच नियम. 'व्यायाम करा' हे ऐकलं की पूर्वी मला राग यायचा, कारण दोनदा मी उत्साहाने अर्धा तास चालले होते आणि दोन्ही वेळा चार दिवस अंथरुणाला खिळले होते. पण युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने, युलरने, २०१६ मध्ये या आजाराच्या उपचारांचा जो आढावा घेतला, त्यात ठाम शिफारस एकाच गोष्टीची होती, ती व्यायामाची. औषधांचीही तितकी ठाम नव्हती. चूक व्यायामात नव्हती, मापात होती. मी चार मिनिटांपासून सुरुवात केली. घरातल्या घरात, या खोलीतून त्या खोलीत, चार मिनिटं. वाईट दिवशीही चार आणि चांगल्या दिवशीही चारच. आठवडा नीट गेला तर एक मिनिट वाढवायचं, नाही गेला तर तिथेच थांबायचं. पंचवीस मिनिटांवर पोचायला मला आठ महिने लागले. ज्यांना चालणं जमत नाही त्यांना कोमट पाण्यातला व्यायाम सोसतो. ताई-ची या संथ हालचालींच्या चिनी व्यायामाचाही उपयोग होतो. २०१८ मध्ये २२६ जणांवर झालेल्या एका चाचणीत ती एरोबिक व्यायामाच्या बरोबरीची, काही बाबतींत सरसही ठरली.

झोपेबद्दल मात्र थोडं थांबून लिहायला हवं. आठ तास पडून राहूनही मी उठायचे ती दमलेलीच, आणि हा माझाच काहीतरी दोष आहे असं मी धरून चालले होते. १९७५ मध्ये टोरोंटोतल्या हार्वी मोल्डोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं दाखवलं की या रुग्णांच्या गाढ झोपेत जागेपणीच्या लहरी घुसतात. मेंदू झोपलेला असतानाही अर्धवट जागा राहतो. त्यांनीच निरोगी स्वयंसेवकांची गाढ झोप मुद्दाम मोडली, त्यांना उठवून न बसवता, फक्त आवाज करून. काही रात्रींतच त्या धडधाकट माणसांचं अंग दुखायला लागलं, दाबलं की सलायला लागलं. हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले होते. धडधाकट माणसाची ही गत, तर मग मी इतकी वर्षं काय अंगावर काढत होते?

तेव्हापासून झोप हे माझं पहिलं औषध. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ एकच. फोन दुसऱ्या खोलीत. झोपायच्या तासभर आधी कोमट पाण्याने अंघोळ, मंद दिवा. वीस-पंचवीस मिनिटं डोळा लागला नाही तर कूस बदलत राहायचं नाही, उठून खुर्चीत बसायचं. घोरणं किंवा पायांची रात्रीची अस्वस्थ वळवळ असेल तर ते डॉक्टरांना सांगायचं, कारण त्यामागे वेगळं आणि उपचार करता येण्यासारखं कारण असू शकतं. पायांच्या बाबतीत लोह कमी असणं हे त्यातलं एक. रात्रीची एक गोळी मी आजही घेते आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. ती गोळी, ताट, झोप आणि मापातलं चालणं, सगळे एकाच ओझ्याला खांदा देतात.

दुखणं गेलेलं नाही. आठचे दिवस महिन्यातून दोन-तीन येतात, पूर्वी आठवड्यातून येत. बऱ्याच दिवशी आकडा चारच्या आसपास असतो आणि चारसोबत मला जगता येतं, काम करता येतं, हसता येतं. मुलगी मोठी झाली. गेल्या महिन्यात मी चहा ओतत असताना तिने मागून येऊन गळ्यात हात टाकले, न विचारता. खांद्यात जराशी कळ आली. मी किटली खाली ठेवली आणि तिचे हात धरून ठेवले.

परवा मामेबहिणीचा फोन आला. तिला नुकतंच हेच निदान झालंय. आवाजावरूनच कळत होतं की रडून झालंय. "ताई, तू बरीच सावरलीस म्हणून विचारते. काय काय बंद करू सांग. मी लिहून घेते."

मी म्हटलं, "ते नंतर. आधी मला सांग, तुला शेवटचं बरं कधी वाटलं होतं?"

"रविवारी. रविवारी खूपच बरं होतं गं."

"मग काय केलंस रविवारी?"

ती उत्साहाने सांगत गेली. सगळं घर पुसून काढलं, पडदे धुतले, किती दिवस राहिलेल्या दोन भेटी उरकल्या, रात्री सगळ्यांसाठी साग्रसंगीत स्वयंपाक केला.

"आणि सोमवारी?"

पलीकडे ती गप्प झाली. मग कागदाचा चुरगळल्यासारखा आवाज आला, बहुतेक यादीसाठी घेतलेला कागद असावा. मी म्हटलं, "तो ठेव बाजूला. घरात एखादी कोरी वही आहे का बघ."